फांद्यांच्या रांगेने

१

तोरुन हाउगस्तादचा वसंत दर वर्षी एका खुनाने सुरू व्हायचा. ईस्टर जवळ आला की सगळा देश संत्र्यांच्या पिशव्या आणि रहस्यकथा घेऊन डोंगरातल्या लाकडी घरांकडे निघतो. त्या पिशव्यांत आपलंही एखादं पुस्तक असावं म्हणून तोरुनसारखी माणसं हिवाळाभर राबतात. या वर्षीचं तिचं पुस्तक शाळकरी पोरांसाठी होतं, नाव ‘पांढरी वाट’. सुट्टीआधीच्या शुक्रवारी दुपारी देशभरातल्या शाळांशी ऑनलाइन गप्पा ठरल्या होत्या. त्या डोंगरातल्या घरातूनच व्हाव्यात असा प्रकाशनसंस्थेतल्या हेर्दिसचा आग्रह होता. ती म्हणाली होती, "खरा बर्फ, खरी चूल आणि टेबलावर संत्री. पोरांना ईस्टर दिसला पाहिजे, तोरुन."

तोरुनने टेबल खिडकीशी ओढलं. लॅपटॉपचा डोळा तिच्याकडे वळवला की तिची खुर्ची, खुर्चीवरचं मेंढीचं कातडं, मागे बाहेरच्या ओसरीत उघडणारं दार आणि दाराशेजारच्या कोट अडकवायच्या खुंट्या एवढं चित्रात यायचं. चुलीत लाकडं तडतडत होती.

"शेवटी दोन मिनिटं येईन," तिरिल स्कीचे बूट बांधत म्हणाली. "हाय म्हणेन आणि कटेन. पुस्तकातली मुलगी म्हणजे मी, हे अजिबात सांगायचं नाही."

"नाही सांगणार."

"गेल्या वेळी पण हेच म्हणालीस. मग माझ्या दातांच्या तारेची गोष्ट अख्ख्या शाळेला ऐकवलीस."

"फार छान गोष्ट आहे गं ती."

"आई, दात माझे आहेत!"

तोरुन हसली. सोळा वर्षांची ही पोर गेली दोन वर्षं बापाकडे राहत होती. आईकडे यायची ती घड्याळ बघत. या ईस्टरला मात्र तिचा आपणहून फोन आला होता, "मी येऊ का डोंगरात?" काल संध्याकाळी ती बसमधून उतरली तेव्हापासून तोरुन जपून बोलत होती, जपून हसत होती. हे चार दिवस नीट गेले तर पोर पुन्हा येईल, नाहीतर येणार नाही, एवढं साधं गणित होतं.

तिरिलने फोन फळीवर ठेवला. डोंगरात फोन घरी ठेवायचा हा या घराचा जुना नियम होता. तळ्याला वळसा घालून ती परत येणार होती. वाट तिच्या पायाखालची होती, शिवाय गावातल्या स्वयंसेवकांनी भूर्जाच्या फांद्या रोवून ती आखून दिली होती. धुकं असो की हिमवादळ, एका फांदीवरून दुसरीकडे जात राहायचं आणि स्वतःचं डोकं चालवायचं नाही, हे इथल्या पोरांना चालता येण्याआधी शिकवतात. फांदी म्हणजे शब्द दिलेला असतो.

तोरुनच्या पुस्तकात कुणीतरी याच फांद्या उपटून दुसरीकडे रोवतो.

२

"माझा आवाज येतोय? छान," पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीतून हेर्दिस म्हणाली. ती ऑस्लोच्या कचेरीत कानांवर हेडफोन चढवून बसली होती. "हे बघ, तुझं बोलणं पोरांपर्यंत अर्ध्या मिनिटाने पोचतं. विनोद केलास की लगेच तोंड पाडून बसू नकोस. हसू मागून येईल."

"माझ्या विनोदांना सवय आहे त्याची."

गप्पा सुरू झाल्या. सुरुवातीला पुस्तकाच्या जाहिरातीचा फोटो झळकला. पांढऱ्याशुभ्र तळ्यावरून फांद्यांची एक देखणी रांग सरळ दूर जात होती, आणि टोकाशी, जिथे नदी तळ्यातून बाहेर पडते तिथे, पाण्याची काळी रेघ होती. पडद्याच्या उजव्या बाजूला पोरांचं लिखाण भराभर वर सरकू लागलं. पुस्तकात कुत्रा मरतो का, मरत असेल तर आधीच सांगा. तुम्ही कधी खरं प्रेत बघितलंय का? आमच्या मास्तरांना पुस्तकात मारता येईल का, ते हो म्हणालेत.

"कुत्रा नाहीच आहे पुस्तकात," तोरुन म्हणाली. "मास्तरांनी लेखी परवानगी पाठवावी."

तिला मजा यायला लागली होती. एका पोराने विचारलं, तुमची मुलगी तुमची पुस्तकं वाचते का? तोरुनचं ठरलेलं उत्तर होतं. तिने पाण्याचा घोट घेतला, घसा साफ केला. तेवढ्यात उजवीकडे ओळी उमटल्या.

‘हा हा, तोही बघणार नाही!’

‘माझं उत्तर पण सेम.’

पाठोपाठ हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

तोरुनने पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "मी तिला विचारलं, वाचलंस का? ती म्हणाली, आधी त्याचा सिनेमा होऊ दे, मग मी तोही बघणार नाही."

हेर्दिस खळखळून हसली. तोरुनही हसली, पण तिचं लक्ष उजवीकडे होतं. तिथे आता कुणीच हसत नव्हतं. पोरं पुढच्या प्रश्नावर गेली होती.

जुना विनोद आहे, तिने स्वतःला समजावलं. दहा शाळांत सांगून झालाय. कुणीतरी आधी ऐकला असेल, बाकीच्यांनी री ओढली असेल.

खिडकीबाहेर तळ्यापलीकडचा कडा धुक्यात बुडत चालला होता.

‘आई गं! डोळ्यात गेलं!’ एकाने लिहिलं.

‘संत्रं १, लेखिका ०.’

‘कुणीतरी रुमाल द्या त्यांना.’

तोरुनने ताटलीकडे पाहिलं. संत्री जशीच्या तशी होती, तिने हातही लावला नव्हता. हेर्दिस पुढचा प्रश्न वाचत होती. लांबलचक प्रश्न होता, खलनायक असा का वागतो याबद्दल. ऐकता ऐकता विचारात गढून जायची तोरुनची जुनी खोड होती, आणि अशा वेळी हाताला चाळा लागायचा. अंगठ्याचं नख सालीत रुतलं आणि रसाची पिचकारी थेट डोळ्यात गेली.

"अगं, रुमाल घे," हेर्दिस म्हणाली.

तोरुनने डोळा पुसला. दुसऱ्या डोळ्याने ती उजवीकडचा मजकूर वाचत होती. संत्र्याबद्दल आता कुणी काहीच लिहीत नव्हतं.

३

हेर्दिसने मध्ये पुस्तकाची छोटी जाहिरातफीत लावली. तेवढ्यात तोरुनने आवाज खाली करून विचारलं, "हेर्दिस, ते अर्धं मिनिट मागे असतात ना? नक्की?"

"मागेच. का?"

"पुढे नाहीत ना?"

"पुढे कसे असतील, बाई? तू अजून बोललीच नाहीस ते त्यांना कसं ऐकू येणार? कॉफी कितवी आहे ही?"

तोरुनला स्वतःचंच हसू आलं. आयुष्यभर लोकांना घाबरवायचा धंदा केला की कधीतरी आपलंच औषध आपल्याला चढायचं. पोरं खोडकर असतात. एखाद्या वर्गाने ठरवून काहीतरी चालवलं असेल. टेबलावर संत्री दिसली की कुणीही म्हणेल, डोळ्यात जाणार. आणि आपणही ते वाचूनच नकळत एक उचललं असणार. सगळं नीट जुळत होतं. तिने पाठ सरळ केली.

फीत संपली. ती पुन्हा चित्रात आली, कॅमेऱ्याकडे बघून हसली.

‘कुठे गेली ती?’

‘खुर्ची रिकामी आहे.’

‘एकदम उठून पळालीच. काय झालं?’

तोरुनने हात खुर्चीच्या दांडीवर टेकले. ती खुर्चीत होती. मेंढीच्या कातड्याची ऊब पाठीला लागत होती. चौकटीत तिला तिचा स्वतःचा चेहरा दिसत होता, एक डोळा लालसर झालेला.

"मुलांनो, मी इथेच आहे," ती म्हणाली.

‘किती वेळ रिकामी खुर्ची बघायची?’

‘मास्तर म्हणतायत, थांबा.’

"हेर्दिस, मी दिसतेय ना तुला?"

"दिसतेयस. छान दिसतेयस," हेर्दिस म्हणाली, पण तिच्या कपाळावर आठी पडली होती. "कुणीतरी वात्रटपणा करतंय. थांब, एकदोघांना बाहेर काढते."

तिने काही नावं बंद केली. थोडा वेळ उजवी बाजू शांत राहिली. चुलीत एक ओंडका कोसळला. तोरुन कुठल्याशा प्रश्नाचं उत्तर देत होती, पात्रांची नावं कशी सुचतात वगैरे. तोंड बोलत होतं आणि कान दाराकडे लागले होते. तिरिल आता यायला हवी होती. खिडकीबाहेर आता कडा नव्हता, तळं नव्हतं, ओसरीचा कठडा तेवढा उरला होता.

४

‘ही तिरिल का?’

‘हाय तिरिल!!!’

‘बूट घालूनच घरात आली. माझ्या आईने मला बाहेर हाकललं असतं.’

तोरुनने गर्रकन मान वळवली. दार बंद होतं. दाराजवळची लाकडी फरशी कोरडी होती. खुंटीवर तिरिलचा कोट नव्हता, म्हणजे ती आली नव्हती.

"आली का तिरिल?" हेर्दिसने विचारलं. "मला काही दिसत नाही."

"नाही. थांब हं." तोरुन उठली, दार उघडून ओसरीत डोकावली. थंडगार ओला वारा तोंडावर आला. "तिरिल?" धुक्याने हाक गिळून टाकली. पायऱ्यांवर कुणाचं पाऊल नव्हतं. ती परत येऊन बसली तेव्हा उजवी बाजू धावत होती.

‘तिचे केस ओले आहेत.’

‘पाणी गळतंय बघा कोटातून.’

‘हा पुस्तकाचा भाग आहे का? भारी आहे!’

‘भारी नाहीये. ती कापतेय.’

‘एकटीच आहे. तोरुन कुठाय?’

‘ओठ हलतायत, आवाज येत नाही. कुणाला येतोय का?’

‘नाही.’

‘नाही.’

‘ती सारखी दाराकडे बघतेय.’

ही वेगवेगळ्या गावांची, वेगवेगळ्या शाळांची पोरं होती. एकमेकांना ओळखत नव्हती. तोरुनने एकेक नाव वाचलं. ठरवून केलेला वात्रटपणा एका सुरात असतो. इथे प्रत्येक जण आपापल्या परीने बोलत होता. कुणी घाबरलं होतं, कुणी फुशारकी मारत होतं, कुणी कंटाळलं होतं. समोर खरंच काहीतरी दिसत असलं की माणसं बोलतात तसं.

फळीवरचा तिरिलचा फोन तिच्या नजरेला पडला. आपण तो वाजवून काय उपयोग, हे तिला कळत होतं. तरी टेबलाखाली तिने स्वतःच्या फोनवरून नंबर लावला. फळीवर फोन थरथरत सरकला, आणि त्या आवाजाने ती स्वतःच दचकली.

"चला, एक छान प्रश्न घेऊ," हेर्दिस मुद्दाम मोठ्या आवाजात म्हणाली. तिला गाडी रुळावर आणायची होती. "आठवीतली एक मुलगी विचारतेय. माझे बाबा दर वर्षी फांद्या रोवायला डोंगरात जातात. ते म्हणतात, एक फांदी हलवली की एक माणूस हलवला. तुमच्या फोटोत ज्या फांद्या तळ्याच्या तोंडाकडे जातात, त्या फोटो झाल्यावर काढल्यात ना?"

"अर्थातच," असं म्हणायला तोरुनने तोंड उघडलं.

५

मग तिला कालचा फोटो आठवला.

काल उतरत्या दुपारी फोटो काढणारा माणूस बोटं फुंकत उभा होता. उजेड जात होता आणि त्याला गाडी घाटाखाली न्यायची होती. "तू नीघ," तोरुनच म्हणाली होती, "फोटोसाठी रोवलेल्या फांद्या मी काढते." तो गेला. ती पहिल्या फांदीपाशी वाकलीही होती. मग तिने घड्याळ पाहिलं आणि बसची वेळ झाल्याचं तिच्या लक्षात आलं. तिरिल थांब्यावर एकटी उभी असेल, आई नाही असं बघून तिचा चेहरा पडेल, एवढंच तिच्या मनात आलं होतं. ती धावत सुटली होती. रात्री दोघींनी वाफल भाजले, वर तपकिरी चीज घालून खाल्ले, आणि तोरुनच्या डोक्यात आनंदाखेरीज दुसरं काही उरलं नव्हतं.

फांद्या तिथेच होत्या. खरी वाट काठाकाठाने डावीकडे वळते, तिथूनच त्या सरळ पुढे जात होत्या. तळ्याचं पाणी खाली वीजकेंद्राला सोडतात. तोंडाशी बर्फ वरून शाबूत दिसतो आणि खालून पाणी त्याला खात असतं.

"तोरुन?" हेर्दिस म्हणाली.

"बचाव पथकाला फोन कर." ती उठलीसुद्धा होती. "तळ्याच्या तोंडाशी. तिरिल बाहेर आहे. फांद्या काढल्या नाहीत मी."

"काय? तोरुन, अगं दोन हजार पोरं बघतायत..."

"फोन कर, हेर्दिस!"

दारातून बाहेर पडताना तिच्या मनात आलं की आता खुर्ची रिकामी झाली.

६

धुक्यात स्कीची टोकंसुद्धा जेमतेम दिसत होती. तोरुन एका फांदीवरून दुसरीकडे जात राहिली, हाका मारत, मध्येच थांबून ऐकत. तळं मोठं असलं की त्याचा बर्फ गप्प बसत नाही. दूर कुठेतरी तो कण्हायचा, आणि तो आवाज पायांखालून निघून काठाकडे जायचा.

वळणापाशी ती पोचली. डावीकडची खरी फांदी धुक्यात दिसतच नव्हती. समोरच्या मात्र दिसत होत्या, तीन, चार, ओळीने. फोटोत भरगच्च दिसाव्यात म्हणून त्या एकमेकींच्या अगदी जवळ रोवल्या होत्या. डोळे मिटून विश्वास ठेवावा इतकी ती सुरेख वाट होती. आणि स्कीचा एक ताजा माग डावीकडे न वळता सरळ त्यांच्याकडे गेला होता.

तोरुन त्या मागावरून निघाली. ती ओरडत होती की नुसतीच श्वास घेत होती, हे तिचं तिला कळत नव्हतं. एकदा तिला वाटलं की उजव्या हाताला, जरा लांब, कुणीतरी ओरडलं. धुक्यात आवाजाला दिशा नसते. ती फांद्या सोडून जाऊ शकत नव्हती, म्हणून पुढेच गेली.

"आई, ओरडू नकोस. ऐकू येतंय मला."

ती समोरच उभी होती. स्की नाहीत, काठ्या नाहीत, डोक्यावर टोपी नाही. केस गालांना चिकटलेले, ओठ निळे.

"पडलीस?"

"कमरेपर्यंत. नाही, जास्त. स्की गेल्या. तुझी निळी टोपी पण गेली."

"टोपी गेली खड्ड्यात!"

"खड्ड्यातच गेली," तिरिल म्हणाली, आणि तोरुन एकाच वेळी हसली आणि रडली. तिने स्वतःचा कोट उतरवून पोरीला चढवला, आपल्या डोक्यावरची टोपी काढून तिच्या कपाळापर्यंत ओढली, हातमोजा काढून तिचा उघडा हात आपल्या मुठीत घेतला. हात असा कापत होता की तोरुनचं कोपर हलत होतं. कापू दे, तिला बरं वाटलं. डोंगरातल्या प्रथमोपचाराच्या वर्गात शिकवतात, कापतोय तोवर माणूस आपला. अंग अजून झगडत असतं.

"चल. माझ्या मागोमाग. आणि बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. शिव्या दे मला."

"तुझ्या पुस्तकात पाणी काळं आहे ना," मागून तिरिल म्हणाली. "चुकलंय ते. आतून हिरवं असतं. आणि वरून चालणाऱ्यांचे आवाज येतात. अगदी स्पष्ट. कोण कुठे चाललंय ते सगळं कळतं."

"बरं. दुसऱ्या आवृत्तीत सुधारते."

"आता काळजी नाही म्हणा."

"अजिबात नाही. घरी चूल आहे. दूध तापवते तुला."

"हो," तिरिल म्हणाली.

त्यानंतर ती फारशी बोलली नाही. तोरुन बोलत राहिली, दुधाबद्दल, वाफलांबद्दल, बापाला काय सांगायचं याबद्दल. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पोरीचा हात, डोळे पुढच्या फांदीवर. मागे वळून बघायला सवड नव्हती. एकदाच ती श्वास घ्यायला थांबली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की इतका वेळ तिला फक्त स्वतःच्या स्कीची सरसर ऐकू येत होती. बर्फ ओला आहे, तिने विचार केला. ओल्या बर्फात पावलं वाजत नाहीत. हात कापत होता, म्हणजे पोर मागे होतीच.

७

खिडकीचा पिवळा उजेड धुक्यातून वर आला तेव्हा तिच्या जिवात जीव आला. काठीच्या टोकाने तिने स्कीचे चाप सोडले.

आणि तेव्हाच तिला पोरांचं ते लिहिणं आठवलं. एकटीच आहे, त्यांनी लिहिलं होतं. तोरुन कुठाय? तोरुनला जवळजवळ हसू फुटलं. ती एकटी नव्हती! मी तिला हाताला धरून आणलीय. जे काही त्यांनी पाहिलं, ते घडलं नाही. ते मी मोडलं. तिने तो बारीक, बर्फासारखा हात दाबला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

पायऱ्यांवर ओल्या बुटांचे ठसे होते. एकाच माणसाचे, नुसते आत जाणारे.

मघाशी मीच बाहेर आले तेव्हाचे, ती मनाशी म्हणाली. पण बाहेर येताना माणसाचे ठसे आत जात नाहीत.

दाराआडून हेर्दिसचा आवाज आला, लॅपटॉपमधून येणारा, पातळ आणि घाईचा.

"तिरिल! देवा रे, आलीस तू! ऐक, पथक निघालंय. घाबरू नकोस. पोरांकडे जाणारा आवाज मी बंद केलाय, तुझं बोलणं फक्त मला ऐकू येतंय. बूट काढ आधी, ओले कपडे काढ. आई कुठाय?"

खुर्ची करकरली. मेंढीच्या कातड्यावर कुणीतरी जड, ओलं होऊन बसलं की करकरते तशी.

"बाहेर," आतला आवाज म्हणाला. दात एकमेकांवर आपटत होते, शब्द तुटत होते, तरी तोरुनने तो हजारांत ओळखला असता. सोळा वर्षं तिने तो आवाज ऐकला होता, रुसलेला, चिडलेला, फोनवर दोनच शब्द बोलून बंद होणारा. "बर्फावर. ती माझ्या बाजूने गेली, हेर्दिस. मी पाण्यातून निघून पालथी पडले होते. इतक्या हाका मारल्या. तिने बघितलंच नाही. मग परत आली तेव्हा... ती कुणाशी तरी बोलत चालली होती."

"कुणाशी?"

आत एक ओला बूट फरशीवर आपटला.

"मला बघायचं नव्हतं. मी त्यांना चुकवून धावत पुढे आले," तिरिल म्हणाली, आणि रडायला लागली.

तोरुनचा उजवा हात कडीवर होता. खाली दाबली की दार उघडेल. आत तिचं लेकरू ओल्या कपड्यांत एकटं कुडकुडत होतं. आणि डावा हात कुणाच्या तरी हातात होता. तिने मान वळवायचा प्रयत्न केला, पण मान वळेना. तिने पाहिलं होतं की, धुक्यात, समोरासमोर. तेच केस, तेच ओठ. टोपीवरचा तो विनोद तिरिलखेरीज कोण करणार? आतलीच खोटी असेल. पडद्यातलं सगळंच आज उलटंपालटं झालं होतं, मग आतला आवाज तरी कशावरून खरा?

"आई," तिच्या खांद्यामागून कुणीतरी हळूच म्हणालं. "थंडी वाजतेय. दार उघड ना."

सोडला हा हात आणि ही आपली असली तर? नाही सोडला आणि ही आपली नसली, तर दार उघडून आपण आत कुणाला नेतोय? तोरुनने डोळे मिटले आणि जे एकच तिला पक्कं ठाऊक होतं ते घट्ट धरून ठेवलं. कापतोय तोवर माणूस आपला. हात कापत होता. मघाइतकाच, बारीक, सतत. कापतोय, ती मोजल्यासारखी मनात म्हणत राहिली, कापतोय, अजून कापतोय.

आतून तिरिलने हाक मारली, "आई? तू आहेस का दारात?"

तोरुनच्या मुठीतलं कापरं थांबलं. बोटांची पकड मात्र सैल झाली नाही.